बगळ्याची सायकल

आमच्या घरातली काळी सायकल कधीची, असं विचारलं की आत्या एकच सांगते, "रझाकाराच्या आधीची." हदगावकडं वस्तूचं वय असंच मोजतात. हंडा पोलीस ॲक्शननंतरचा. विहीर बहात्तरच्या दुष्काळातली, लाल मिलो ज्वारी खाऊन खोदलेली. त्याच्या पुढं साल विचारणारा माणूस शहरातून आलाय हे लगेच कळतं.

मला साल हवं होतं. म्हणून यंदा सायकल टेम्पोत घालून नांदेडला एका जुन्या मिस्त्रींकडं नेली.

त्यांनी आधी हँडलखालच्या नळीवरचा रंग नखानं खरवडला. आतून पितळी बिल्ला निघाला, त्यावर लांब चोचीचं डोकं. "बगळा हाय की वो," मिस्त्री म्हणाले. पायडलच्या दातेरी चक्रातही तेच तीन बगळे. म्हणजे रॅले, इंग्लंडातली सायकल कंपनी. बिल्ल्यावर तिच्या कारखान्याचं गाव, नॉटिंगहॅम, वाचता आलं. पन्नासच्या दशकात हीच सायकल बंगालात आसनसोलला 'सेन-रॅले' नावानं बनू लागली, त्यामुळं ही विलायतेतून आलेली हे नक्की. चौकटीवर नंबरही होता, पण रॅलेचे नंबर सरळ रांगेनं वाढत गेले नाहीत. त्यांच्या भरवशावर साल काढणं म्हणजे पंचांगाशिवाय मुहूर्त काढणं.

मग मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, रॉकेलचा बोळा फिरला. चाळीस वर्षांचं ग्रीस सुटलं आणि अक्षरं दिसली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, खाली ५१ आणि बाजूला ४. तीन गिअरच्या या हबवर कारखाना सालच ठोकून ठेवायचा, शेजारी महिना. १९५१, एप्रिल!

तीन गिअर आमच्या सायकलला आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. गिअरची तार तुटली की हे हब आपसूक तिसऱ्यावर, सगळ्यात जड गिअरवर जातं. आजोबा गावाबाहेरच्या चढावर नेहमी उतरून चालायचे. आम्ही पोरं म्हणायचो, आजोबा थकले. थकले नव्हते बहुतेक, तार तुटली होती. एका तारेसाठी इतकी वर्षं चढ पायी चढलेला माणूस. मला हसू आलं आणि बरंही वाटलं नाही.

संध्याकाळी आत्याला सांगितलं, "सायकल १९५१ची. रझाकार संपले १९४८च्या सप्टेंबरात."

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मी कशावर बसून गेले पैनगंगंपल्याड?"

त्या साली आमची माणसं उमरखेडला, वऱ्हाडात गेली. बैलगाडीत भांडी आणि म्हातारी, आजोबा सायकल ढकलत, कॅरिअरवर आत्या. कॅरिअरची पट्टी मांडीला रुतत होती, हे तिला आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "सर, हँडल बघा. घासल्यावर पिवळसर दिसतंय का?" दिसत होतं. क्रोमची झाक निळसर असते, निकेलची पिवळट. आणि क्रोम सायकलींवर रुळलं ते १९३०च्या आसपास. म्हणजे हँडल तरी हबापेक्षा वीसेक वर्षांनी थोरलं. मागचं चाक नंतर कधीतरी कुणी बदललं असणार. की जुनं हँडलच दुसऱ्या सायकलवरून आणलं? मिस्त्री हसले. "त्याचं उत्तर आजोबाच देतील."

मी आत्याजवळ जाऊन हळूच शरणागती पत्करली. तिनं ती घेतली नाही.

"तुझी जन्मतारीख काय गं आत्या?" मी विषय बदलला.

"एक जून."

शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला दिलेली तारीख. आत्या सूप आपटत म्हणाली, "माझ्यावर कुठं शिक्का मारलाय का कुणी? बस खाली, खडे दिसंनात मला."