आमची वाटचाल : "खिसा नाही का?"

आमच्या शिवणकामाची सुरुवात दोन मशिनींवर झाली. एक पायमशीन आणि एक कापडाची कड छाटून गुंफणारं जुनं ओव्हरलॉक. मैत्रीण कटिंग करायची, मी शिलाई. पहिल्या वर्षी आम्ही शिवलेल्या एकाही ड्रेसला खिसा नव्हता. कापड वाचतं, वेळ वाचतो, एवढाच हिशेब. पण गिऱ्हाईक बाई ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली की तिचे दोन्ही हात नकळत बाजूला जायचे, कापडावरून घसरायचे, आणि प्रश्न यायचा, "खिसा नाही का?"

तशी ही मागणी आजची नाही. १७व्या-१८व्या शतकांत युरोपातल्या बायका कमरेला नाडीने बांधलेले सुटे खिसे स्कर्टच्या आत वागवत आणि बाजूच्या शिवणीत ठेवलेल्या फटीतून हात आत घालत. आम्हाला त्या फटीला फक्त पिशवी जोडायची होती. फक्त!

खिसे लावलेले पहिले १२ स्कर्ट गडद रंगाचे होते आणि पिशव्या फिकट अस्तराच्या. चालताना प्रत्येक खिशातून पांढरी कड डोकवायची. चूक कळायला बरेच दिवस लागले. बाजूच्या शिवणीला अर्धा इंच माया (शिवणीपलीकडे आत सोडलेलं कापड) होती आणि पिशवीचे तुकडेही आम्ही अर्ध्या इंचावरच जोडत होतो, त्यामुळे जोड नेमका कडेवर यायचा. आता पिशवी तीन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जोडतो, म्हणजे जोड एक सूत आत राहतो. मग माया पिशवीकडे वळवून तिच्यावर कडेलगत एक टीप मारतो. बाहेरून दिसत नाही, पण पिशवीला आत ओढून धरते ती हीच. शिवाय मागच्या तुकड्याच्या तोंडाशी ड्रेसच्याच कापडाची पट्टी लावतो. खिसा उघडला तरी अस्तर दिसत नाही.

घेरदार स्कर्टनी वेगळाच त्रास दिला. त्यांची बाजू उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर, येते, ती ताणली जाते, आणि महिन्याभरात खिशाचं तोंड ओठ लोंबल्यासारखं दिसू लागतं. पुढच्या भागाला तोंडापुरती उभ्या धाग्याची बारीक पट्टी जोडली आणि ते थांबलं. इस्त्रीने काही होत नाही, आम्ही करून बघितलंय.

मग फोन मोठे झाले. साध्या पिशवीत फोन टाकला की सगळा भार बाजूच्या शिवणीवर, ड्रेसला एका अंगाला झोळ, आणि पायरी चढताना मांडीवर आपटणं वेगळंच. म्हणून पिशवी वरपर्यंत वाढवून तिचं टोक कंबरपट्टीत धरायला लागलो. भार कमरेवर गेला. पेपर कटिंग, म्हणजे कापायचा कागदी नमुना, त्यासाठी तीनदा बदललं. तोंड साडेसहा इंचांवर पक्कं केलं. सहा इंचांत बांगडी अडकायची.

एक फजिती सांगितलीच पाहिजे. एकदा रात्री घाईघाईत मी बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत सरळ मारली, वर ओव्हरलॉकही केलं. सकाळी मैत्रिणीने ड्रेस उलटा करून बघितला: आत दोन सुबक पिशव्या, बाहेर तोंडच नाही! ओव्हरलॉकच्या पात्याने माया छाटलेली, त्यामुळे नुसतं उसवूनही भागलं नाही. तेव्हापासून तोंडाच्या दोन्ही टोकांना खडूची फुली आणि मध्ये रंगीत दोऱ्याचे कच्चे टाके, हा नियम. फुलीपाशी उलटसुलट टीप मारून थांबायचं, सुई कापडातच ठेवून वळायचं, पिशवीभोवती फिरून दुसऱ्या फुलीवर यायचं.

पिशवीचा तळ गोल ठेवतो, चौकोनी कोपऱ्यात दोऱ्यांचा भुसा साचतो. तळाला टीप दुहेरी, कारण किल्ल्या तिथेच भोक पाडतात.

हल्ली निम्मं काम दुसरीकडून घेतलेल्या कपड्यांचं येतं. बाजूची शिवण साडेसहा इंच उसवायची आणि आत पिशवी बसवायची. नव्या ड्रेसपेक्षा याला जास्त वेळ लागतो, कारण रेडिमेडला माया जेमतेम दोन सूत असते. आमचा तीन सुतांचा हिशेब तिथे चालत नाही. प्रत्येक ड्रेस हातात घेऊनच ठरवावं लागतं.