ऑइलचा लाल दिवा आणि ‘सेन्सरच असेल, मॅडम’

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्या आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करा. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाईल हो’ असं कुणीही म्हणालं तरी ऐकू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सर्व्हिस सेंटरचा विषय निघाला की माझं डोकं तापतं.

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये थांबलो आणि दिवा लुकलुकायला लागला. इंजिन बंद केलं. जरा वेळाने डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून पाहिली, तर ऑइल दोन खुणांच्या मधोमध. इथेच बरेच जण निर्धास्त होऊन पुन्हा स्टार्टर मारतात. पण हा दिवा ऑइल किती आहे ते दाखवत नाही, दाब दाखवतो. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, भरलेलं असलं तरी पंपाला ऑइल ओढता आलं नाही तर इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, क्रँकची, बेअरिंगं आणि टर्बो कोरडे पडतात. १०३३ या हायवे हेल्पलाइनला फोन केला, गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली.

आणि तिथे अडकलो. ॲडव्हायझरने गार इंजिन चालू केलं, दिवा गेला. ‘बघा, काही नाही. सेन्सरच असेल, मॅडम.’ अहो, गार ऑइल घट्ट असतं, तेव्हा दाब मिळतोच; इंजिन तापून आयडलला आलं (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) की खरं काय ते कळतं! त्याने जॉब कार्डवर ‘सेन्सर बदलणे’ लिहूनही टाकलं. मी म्हटलं, आधी गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावा. सेन्सर काढायचा, त्याच भोकात साधं मेकॅनिकल गेज बसवायचं, इंजिन गरम करून आयडलला आणि दोन हजार आरपीएमला दाब किती ते बघायचं, कंपनीच्या आकड्याशी ताडायचं. फार मोठं काम नाही. पण कधी गेज दुसऱ्या ब्रँचला गेलेलं, कधी टेक्निशियन रजेवर, कधी ‘स्कॅनरमध्ये एरर नाही, मॅडम’. माझ्या गाडीत हा सेन्सर म्हणजे नुसता चालू-बंद होणारा स्विच आहे, स्कॅनर त्यातून दाब काय सांगणार? फोन केला की ‘बघून कळवतो’. गाडी मागच्या आवारात धूळ खात उभी. शेवटी मी जॉब कार्ड मागून घेतलं आणि त्यावर लिहायला लावलं: ‘गेजने प्रेशर मोजून आकडा नोंदवावा, तोपर्यंत कुठलाही पार्ट बदलू नये.’ तोच मजकूर ईमेलनेही पाठवला. मग वर्क्स मॅनेजर स्वतः बाहेर आले आणि गेज तिथल्याच एका कपाटातून निघालं.

गरम इंजिन, आयडल, काटा अर्ध्या बारच्याही खाली (बार हे दाबाचं एकक). साधारण एक बारच्या आसपास तरी हवा होता. नवा सेन्सर टाकला असता तरी दिवा लागलाच असता!

चेंबर उतरवल्यावर स्ट्रेनरची, म्हणजे पंप ज्यातून ऑइल ओढतो ती, जाळी पाहिली: डांबरासारखा काळा गाळ आणि त्यात सिलिकॉन पेस्टच्या रबरासारख्या पट्ट्या. पूर्वी एका गॅरेजने गळती काढताना पेस्ट भरमसाट लावली होती, ती आत सुटून आली. जाळी साफ झाली, पंप तपासला, नवा फिल्टर, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल. बेअरिंगं शाबूत निघाली. घाटात इंजिन बंद केलं म्हणूनच, याचा मला अभिमान आहे.

हो, एक राहिलं. चावी ऑन केल्यावर हा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन चालू झालं की काही सेकंदांत जायला हवा. लागतच नसेल तर वायरिंग तपासून घ्या. दगडावर चेंबर आपटलं असेल तर इंजिन चालू न करता आधी विमा कंपनीला कळवा; तशीच चालवून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत सहसा पैसे मिळत नाहीत, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आणि चेंबर परत बसवण्याआधी जाळीचा फोटो स्वतः जाऊन काढा, बिलावर ऑइलची ग्रेड लिहून घ्या.