फुकटातला ऑर्केस्ट्रा आणि हार्टमानची चित्रं

वॉशिंग्टनला नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये फुकटात कॉन्सर्ट ऐकायला मिळतात, आणि हे काही आजकालचं नाही, १९४२ पासून चालू आहे, म्हणजे ऐन महायुद्धात, म्युझियम उघडून जेमतेम वर्ष झालेलं तेव्हापासून. संगमरवरी खांब, मधे कारंजं, भोवती झाडं अशा चौकात खुर्च्या मांडतात, तिथे जाऊन बसायचं. एवढ्या मोठ्या म्युझियमला तिकीटच नाही याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यावेळी रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' होतं. त्याचा चित्रकार मित्र हार्टमान १८७३ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी अचानक गेला, पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि त्यावरून मुसोर्गस्कीने थोड्याच आठवड्यांत हे पियानोसाठी लिहून काढलं. ऑर्केस्ट्रासाठी फ्रेंच संगीतकार राव्हेलने केलं १९२२ मध्ये, तेच बहुतेक सगळीकडे वाजतं.

यात प्रोमेनाड नावाची एक धून परत परत येते, एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या माणसाची. कधी पाच मात्रा, कधी सहा, मांडीवर ताल धरायला जावं तर सम हाती लागत नाही, पण खरंच म्युझियममध्ये कोण एका लयीत चालतं, आपण रेंगाळतो, थबकतो, परत मागे वळून बघतो, अगदी तसंच आहे ते.

बैलगाडीच्या चित्राचा भाग आला तेव्हा मी फक्त ट्यूबा, म्हणजे ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, वाजवणाऱ्याकडे बघत होते. गाल फुगलेले, श्वास घेताना खांदे वर जायचे, खाली चेलो आणि डबल बेस एकसारखे घरघरतायत, आवाज वाढत वाढत पार अंगावर आला आणि मग गाडी लांब लांब निघून गेली!

शेवटी कीवच्या भव्य दाराचं चित्र. घंटा, सगळी पितळी वाद्यं एकदम, काटा आला अंगावर. आणि हे दार कधी बांधलंच गेलं नाही हो, नुसतं डिझाइन राहिलं. प्रदर्शनातली हार्टमानची बरीचशी चित्रंही आज सापडत नाहीत, त्यामुळे मुसोर्गस्कीने काय बघितलं ते आता या सुरांतूनच शोधायचं. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागलं.

ऐकणार असाल तर आधी पियानोचं ऐका, मग राव्हेलचं, आणि हार्टमानची जी थोडी चित्रं नेटवर मिळतात ती समोर उघडून ठेवा. अंड्याच्या कवचातल्या पिल्लांचा बॅले ड्रेस तर बघाच.