म्हातारा अजून बर्फातच आहे

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

मे महिना. कूलरच्या ताट्या वाळून खडखडीत झाल्यात, पंखा नुसती गरम हवा फेकून राहिलाय, आणि मी बनियानवर बसून स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये बर्फातल्या सात हजार पायऱ्या चढतोय. (मोजायला गेलं तर तितक्या भरत नाहीत. पण तिथले सगळे सात हजारच म्हणतात, मग आपणही म्हणावं.)

२०११ साली आला तेव्हा हा गेम मी धडाधड संपवला होता. हातात मोठी तलवार होती एवढंच आठवतं. मी कोण होतो ते आठवत नाही. या वेळी बसून माणूस नीट घडवला. सुरकुत्या, पांढरी दाढी, गालावर जुना व्रण. नाव सखाराम. गेम सुरू होतो तेव्हा तुमचे हात बांधलेले असतात आणि गाडीत घालून तुमची मान उडवायला नेत असतात. गुन्हा काय, हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. ती जागा मी भरली : सखाराम वैदू आहे, सरहद्दीजवळ पाला-मुळ्या गोळा करताना उगाचच धरला गेला. हे गेममध्ये कुठेही लिहिलेलं नाही, गेमला त्याचा पत्ताही नाही.

पण त्या एका वाक्यापायी चार महिने नुकसान सोसतोय. दुसऱ्याची वस्तू उचलायला गेलं की चोरीची सूचना लाल अक्षरांत येते. सखाराम लाल अक्षराला हात लावत नाही. नकाशावर टिचकी मारली की क्षणात पुढचं गाव येतं. हा चालत जातो, आणि वाटेत निळी फुलं दिसली की वाकून तोडत बसतो. एकदा नदीकाठी अंधार पडेस्तोवर फुलंच तोडली. लढाई शून्य. मला काय बरं वाटलं!

आता गाडी अडलीय ती पार्थर्नाक्सपाशी. हा शिखरावर राहणारा म्हातारा ड्रॅगन. पूर्वी त्याने माणसांवर अत्याचार केलेत, हे तोही नाकारत नाही. मग पालटला, माणसांच्या बाजूने उभा राहिला, आता वर बसून ध्यान करतो. ब्लेड्स म्हणजे ड्रॅगन मारणाऱ्यांची जुनी टोळी, तिथली डेल्फीन म्हणते, त्याला मार, नाहीतर आमची मदत बंद. तिची समजूत घालायची सोयच गेममध्ये ठेवलेली नाही. फार तर न मारता निघून जायचं. पण ते काम यादीत तसंच राहतं, अपुरं, गेम चालू असेपर्यंत.

पिऊ, माझी भाची, इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडेच राहते. मागे उभी राहून बघत होती.

"मामा, मारून टाका ना एकदाचं. किती दिवसांपासून तेच लटकून राहिलं."

"सखाराम नाही मारत."

"सखाराम म्हणजे तुम्हीच ना बाप्पा!"

इथे मी अडखळलो. कारण मी असतो तर मारला असता. पंधरा वर्षं पतसंस्थेत वसुलीला आहे. यादीत नाव उरलेलं मला चालत नाही. मार्चअखेरीला एखाद्या म्हाताऱ्याच्या दारात उभं राहून, मागचं सगळं ऐकून घेऊन, शेवटी "हप्त्याचं काय ते बोला" म्हणणारा माणूस मी. सखाराम तसा नाही. म्हणून तर त्याला बनवला असेल. किंवा नसेल, दाढीच बरी दिसली म्हणूनही असेल.

पिऊचं निराळंच. ती बाल्डर्स गेट ३ खेळते, २०२३ चा. काही वेडंवाकडं करायला गेलं की पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडतो. हा फासा कागद-पेन्सिल घेऊन खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधून आलेला, तो निघाला १९७४ साली. फासा वाकडा पडला की पिऊ जुना सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला खेळ, उघडते, पुन्हा टाकते. तिची बाई सगळ्यांशी खोटं बोलते, आणि पिऊला फक्त बघायचं असतं की हिचं खोटं कुठवर खपतं. हेही सोंगच, पण कपडे बदलल्यासारखं. मला ते जमत नाही. निकाल नासला तर नासला, सखारामाला तो पुसता येत नाही.

आमच्या ऑफिसातला एक पोरगा जीटीए ५ या गेमच्या आरपी (रोलप्ले, म्हणजे सोंग घेऊन खेळायच्या) सर्व्हरवर ट्रॅफिक हवालदार आहे. तिथे प्रत्येक पात्रामागे जिवंत माणूस, आणि नियम कडक : जे तुम्हाला ठाऊक आहे पण तुमच्या पात्राला नाही, ते वापरायचं नाही. हा दोन-दोन तास चौकात उभा राहून सभ्य भाषेत चलान फाडतो. सकाळी मात्र शंकरनगरच्या सिग्नलवर लाल दिवा असताना माझ्या बाजूने सुसाट निघून जातो. हसू का रागवू कळत नाही.

आर्थर मॉर्गनही मला आवडला होता, रेड डेड रिडेम्प्शन २ मधला. पण तो आयता. त्याला आवाज आहे, भूतकाळ आहे, स्वतःची वही आहे. तीत तो स्वतः लिहितो, चित्रं काढतो. तिथे मी पाहुणा. सखारामाला आवाजही नाही, वही कुठली! म्हणून मी लिहून राहिलो.

साडेनवाला लाइट गेली. यूपीएस मेलेलाच. गच्चीवर सतरंजी टाकून बसलो, तेव्हा पिऊने माझ्या आईला सांगितलं की मामा एका ड्रॅगनला मारायला तयार नाहीत. आई हसली नाही. तिचं माहेर साकोलीकडचं, तिकडे मंडईच्या जत्रेत रात्री दंडार हे लोकनाट्य होतं. म्हणाली, "बाबा दंडारीत बाई होत. मंडईच्या रात्री लुगडं नेसले का मग बिडीले हात नाही लावत."

"स्टेजवर?" पिऊने विचारलं.

"स्टेजवर कोण ओढते? पडद्यामागं. बाकीचे ओढत, हे नाही. पहाटे लुगडं फेडलं का पहिली बिडी."

इतकी वर्षं ही गोष्ट आईने मला सांगितली नव्हती. आजोबांच्या दिवसाला दोन कट्टे बिड्या लागत, हे मात्र घरात सगळ्यांना पाठ. म्हणजे ती रात्र त्यांना किती जड गेली असेल. आणि पडद्यामागे त्या बाईला बघणारं होतं तरी कोण?

लाइट अकराला आली. सेव्ह बराच मागचा निघाला, पुन्हा शिखरावरून उतरायला लागलो. आतून हिची हाक : "अहो, बंद करा आता, कूलरमध्ये पाणी टाका."

आलो म्हटलं. पण म्हातारा अजून बर्फातच होता. मी खेळतो त्या गेममध्ये थंडी बाधत नाही, उघड्यावर सोडून बंद केलं तरी काही बिघडत नाही. तरी खाली आयव्हरस्टेडच्या खाणावळीपर्यंत चालवत नेला, दहा नाणी देऊन खोली घेतली, त्याला झोपवलं. मग बादली घेऊन उठलो.