वाईट रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही

आमच्या जळगावच्या लॅबमधे भिंतीवर चिकटवलेले नियम खूप होते, ग्लोव्ह्ज घाला, सॅम्पलच्या फ्रीजमधे डबा ठेवू नका वगैरे, आणि खरं सांगायचं तर ते कोणीच धड पाळायचं नाही. पण एक नियम कुठेच लिहिलेला नव्हता आणि तो मोडायची कोणाची हिंमत नव्हती. केळीच्या पानात व्हायरस आहे का ते आम्ही तपासायचो, त्याचा रिपोर्ट चांगला आला तर शेतकऱ्याला फोन करा, मेसेज टाका, काय वाट्टेल ते करा. वाईट आला तर फोन नाही. मग सर स्वतः जायचे. रावेर असो, यावल असो नाहीतर पार चोपडा, स्कूटरवर नाहीतर एस्टीने, आणि आमच्यातला जो कोणी समोर दिसेल त्याला मागे बसवून.

सर गेले त्याला आता बरेच दिवस झाले. जिल्ह्याच्या पेपरात दोन कॉलमी बातमी आली, ग्रुपवर 'थोर शास्त्रज्ञ' वगैरे फिरलं. ते सगळं ठीकच आहे पण त्यात सर कुठेच नव्हते असं मला वाटत राहिलं, म्हणून हे लिहितेय. नाव लिहित नाहीये कारण त्यांना आवडलं नसतं, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. लॅबमधे ते सर होते, केळीपट्ट्यात आप्पा. मी पहिली काही वर्षं सर म्हणायचे, नंतर कधी आप्पा म्हणायला लागले ते मलाही आठवत नाही.

मी अमळनेरकडची, कापसाच्या घरातली, केळी म्हणजे मला फक्त देवापुढे ठेवायची माहीत. ते लेवा पाटील, तापीकाठचे, केळीच्या बागेतच वाढलेले. पहिल्या दिवशी मला विचारलं, "का वं माय, नवती कशाला म्हणतात, पिलबाग कशाला म्हणतात, कांदेबाग कधीची?" मला एकाचंही उत्तर येईना. (नवती म्हणजे नवी लागवड, पिलबाग म्हणजे तिच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक, कांदेबाग म्हणजे पावसाळ्याच्या शेवटाकडची लागवड.) मला वाटलं संपलं, घरी जा आता. तर म्हणाले बरं झालं, तुला शिकवताना मला पहिल्यापासून विचार करावा लागेल. ही त्यांची पद्धत, समोरच्याला कमी पडू द्यायचं नाही, पण काम मात्र दुप्पट लावायचं. पुढचे कित्येक आठवडे मला पिपेटला हात लावू दिला नाही. बागेत जा, मृगबाग (पावसाच्या तोंडची लागवड) बघ, कांदेबाग बघ, सावद्याला माल भरताना बघ, हमालांशी बोल.

त्यांचा विषय म्हणजे केळीवरचे व्हायरस, आणि त्यातही सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. आपल्याकडे ह्याला हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे पडतात, पान आखडतं, आणि जास्त झालं की पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो आणि झाड गेलंच. जुलै-ऑगस्टमधे आभाळ भरून राहिलं, रिमझिम लागून राहिली, ऊन दिसेनासं झालं की मृगबागेतल्या कोवळ्या रोपांवर हा हमखास दिसायला लागतो. नाव काकडीचं कारण १९१६ मधे अमेरिकेत तो पहिल्यांदा काकडीवर ओळखला गेला, पण ह्याला काकडीच पाहिजे असं काही नाही, हजाराच्या वर वनस्पतींवर हा राहू शकतो. भोपळा, कारलं, टोमॅटो, मिरची, शिवाय बांधावरचं केना नावाचं तण. आणि शेतकरी काय करतो तर केळी लहान आहे तोवर मधल्या मोकळ्या जागेत काकडी नाहीतर भोपळा लावतो, दोन पैसे सुटतील म्हणून. त्याचंही काही चुकत नाही, केळीचा घड हातात यायला वर्ष लागतं आणि तोवर घर चालवायचं असतं.

आता नियमाकडे. एकदा रावेरच्या पुढे एका बागेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मुलगा तरुण, वडील नुकतेच वारलेले, सगळी टिश्यू कल्चरची रोपं उधारीवर आणलेली. मी म्हटलं सर पाऊस आहे, फोन करू या ना. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि रेनकोट घातला. तिथे पोचल्यावर लगेच रिपोर्ट सांगितला नाही. आधी बागेत फिरले, एकेका झाडाचं पान उलटं करून बघितलं, बांधावर गेले, वाकून तण बघितलं, मला केना दाखवला, पलीकडच्याच्या शेतात काय लावलंय ते विचारलं. मग विहिरीजवळ बसून चहा झाला आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ज्या झाडांवर पट्टे आहेत ती काढावी लागतील बाळा. आजच. मी थांबतो."

त्या मुलाची आई म्हणाली, "मंग फवारा मारू का भाऊ? कितीबी महाग असू द्या." हे प्रत्येक ठिकाणी ठरलेलं. दुकानदाराने तर आधीच तीन बाटल्या गळ्यात मारलेल्या असतात. आप्पा तिला समजावत बसले आणि ते समजावणं मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणे हा रोग पसरवणारी बारकी कीड, मावा, आहे ना वहिनी, तो केळीवर राहायला येतच नाही, बाजारात बोरं चाखत फिरणाऱ्या माणसासारखा असतो तो, एका पानाला सोंड टोचली, चव बघितली, नाही आवडलं, उडाला पुढच्या पानावर. ह्या चाखण्यातच व्हायरस इकडून तिकडे गेला, त्याला काही सेकंदच लागतात. तुमचं औषध त्याला मारेल, पण तो मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असेल. म्हणून औषध नको, झाड काढा, तण काढा, भोपळ्याचा वेल काढा. आजारी झाडच राहिलं नाही तर मावा नेणार काय?

आणि मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून स्वतः रोपं उपटायला लागले. साठीला आलेला माणूस. मुळासकट काढायचं, तिथे टाकून द्यायचं नाही, बागेबाहेर नेऊन खड्ड्यात गाडायचं. तो मुलगा आधी नुसता उभा होता, मग तोही लागला, मग शेजारचे दोघं आले, मी तर चिखलात दोनदा पडले. अंधार पडेपर्यंत चाललं. परत येताना मी विचारलं की हे आपलं काम आहे का, तर म्हणाले "रिपोर्ट देणं काम आहे की रोग थांबवणं काम आहे?" आणि मग लगेच, "शिवाय तू तिथे आली नसतीस तर तो केना कागदावर आला असता का?" हेही खरंच होतं. पुढे माझ्या थिसीसमधला जो भाग परीक्षकांना सगळ्यात आवडला तो बांधावरच्या तणांचाच होता, आणि त्यातला जवळजवळ सगळा डेटा अशाच वाईट रिपोर्टच्या फेऱ्यांमधून जमा झालेला.

लॅबमधे मात्र हाच माणूस इतका कटकट्या की विचारू नका. एलायझाची, म्हणजे रंगावरून व्हायरस ओळखायच्या चाचणीची, प्लेट लावायची म्हणजे ९६ खड्डे, त्यात निरोगी झाडाचा रस पाहिजे, नुसतं बफर पाहिजे, पक्कं पॉझिटिव्ह पाहिजे, आणि प्रत्येक सॅम्पल दोन खड्ड्यांत. त्यातलं काही एक कमी दिसलं की प्लेट न वाचता सरळ सिंकमधे. केळीचं पान वाटायला घेतलं की रस बघता बघता काळा पडतो, त्याचे डागही कपड्यावरून जात नाहीत, आणि तोच काळेपणा पुढे पीसीआरला, म्हणजे व्हायरसचे जनुक शोधायच्या चाचणीला, आडवा येतो. सगळं बर्फावर करायचं. जळगावचा मे महिना, ४५ डिग्री, आणि लोडशेडिंग. बर्फ करायचा कसा? बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून, रिक्षात. रिक्षावाल्याला वाटायचं लग्नाचं सरबत आहे.

शेवटी त्या खड्ड्यांत पिवळा रंग उतरायला लागायचा. नवीन पोरांना रंग आला की आनंद व्हायचा, प्रयोग जमला म्हणून. आप्पा तेव्हा एकदम गप्प असायचे. त्यांना तो रंग म्हणजे कोणाच्या तरी बागेतली झाडं दिसत असावीत. आणि रंग नाही आला तरी ते कधी 'रोग नाही' असं बोलायचे नाहीत, 'ह्या पानात नाही सापडला' म्हणायचे. कारण हा व्हायरस झाडात सगळीकडे सारखा नसतो, एका पानात सापडतो, दुसऱ्यात नाही. शेतकरी वैतागायचे, अहो आप्पा आहे का नाही ते सांगा ना एकदाचं. ते पुन्हा सॅम्पल घ्यायचे, सगळ्यात कोवळ्या पानाचं.

त्यांच्या वह्यांबद्दल लिहायलाच पाहिजे. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, दुकानात उधारी लिहायला वापरतात तशा. प्रत्येक पानावर आधी हवामान, मग लागवड कधीची, वाण, शेजारी काय पीक, तण कोणतं, वारा कुठून. फक्त शेतकऱ्याचं नाव नाही, गट नंबर नाही. त्याऐवजी 'चिंचेजवळची', 'कोरडी विहीर', 'दोन म्हशी', 'म्हातारी रागीट'. आम्ही हसायचो. नंतर कळलं की एकदा सुरुवातीच्या काळात कुठल्यातरी बागेत व्हायरस आहे ही गोष्ट बाहेर फुटली होती, आणि व्यापाऱ्याने तेवढ्यावरून भाव पाडला, तोही निरोगी झाडांच्या घडांचा. खाणाऱ्या माणसाला ह्या व्हायरसने काहीही होत नाही, तरी. तेव्हापासून नाव कागदावर आणायचं नाही हे ठरलेलं. जर्नलवाले जागेचे अक्षांश-रेखांश मागायचे तेव्हा आप्पा तालुका लिहायचे आणि त्यावर अडून बसायचे. त्यापायी एक पेपर परत आला. माझ्या मते त्यातून मार्ग काढता आला असता, पण ते ऐकणाऱ्यातले नव्हते.

आता त्या वह्या आमच्याकडे आहेत आणि 'म्हातारी रागीट' कुठली ते कोणालाच माहीत नाही. इतक्या वर्षांची हवामानासकट नोंद, असा डेटा पैसे देऊन मिळत नाही, आणि आम्ही गावोगाव विचारत फिरतोय की आप्पा तुमच्याकडे आले होते का हो, तेव्हा म्हशी किती होत्या? लोक मात्र बसवून घेतात. चहा, मग जेवण. एका घरी तर आजीबाईंनीच सांगितलं की ती रागीट मीच असेन, मी त्यांना झाडं काढू देत नव्हते. (असं सांगणाऱ्या आज्या आतापर्यंत एकापेक्षा जास्त भेटल्यात, त्यामुळे प्रश्न सुटलेला नाही.)

त्यांनी मला काय काय दिलं ह्याची यादी करत नाही. फेलोशिप अडकली होती तेव्हा मेसचं बिल परस्पर भरलं जायचं, आणि विचारलं तर हात वर. हिवाळ्यात भरीत पार्टी ठरलेली, बामणोदची मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, कळण्याची पुरी, आणि त्या दिवशी लॅबमधल्या शिपाईमामांपासून सगळे एका पंगतीत. तिथे व्हायरसवर बोलायला बंदी, आणि ती बंदी मोडणारे पहिले आप्पाच.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. ग्रँड नैन हा केळीचा वाण. आधी आपल्याकडे बसराई होती, श्रीमंती होती, आता जिकडे जाल तिकडे ग्रँड नैन, सगळी रोपं एकसारखी. आप्पा म्हणायचे हा जुगार आहे. ग्रोस मिशेल नावाची केळी एकेकाळी जगभर विकली जायची, पनामा नावाच्या बुरशीच्या रोगाने तिचे मळेच्या मळे गेले आणि मग कॅव्हेंडिश आली, आपली ग्रँड नैन त्यातलीच. आता त्याच रोगाचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आपल्या देशात बिहार-उत्तर प्रदेशातही शिरलाय, ती बुरशी एकदा मातीत बसली की वर्षानुवर्षं निघत नाही आणि तिच्यावर औषधही नाही. म्हणून ते बागेत शिरताना आणि निघताना चपला धुवायचे, लोक हसले तरी. २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळीकडे पेढे, आणि हे म्हणतात, "नाव जपलं, आता झाड जपा."

माझं म्हणणं, आप्पा, दुसरी केळी लावून ती विकायची कुठे? आखाती देशात कंटेनर जातो त्याला एका मापाची फणी लागते, व्यापारी दुसऱ्या वाणाकडे बघत नाही, आणि उधारी त्याच व्यापाऱ्याची. ते म्हणायचे बांधाला तरी दोन ओळी लावा, वेलची केळी लावा, घरात पोरं खातील. शेवटचा व्हॉईस मेसेजही ह्यावरच आहे, चांगला लांबलचक, मधे कोणीतरी दारावर येतं, त्याच्याशी बोलतात आणि परत तिथूनच सुरू. मी तेव्हा घाईत होते, उत्तर नंतर देऊ म्हटलं.

तर उत्तर हे आहे. मागच्या महिन्यात त्या रावेरच्या मुलाकडे गेले होते, त्याने विहिरीकडच्या बांधाला खरंच वेलची लावलीय, तुमचं ऐकून. घड मी बघितला. ग्रँड नैनच्या निम्मासुद्धा नाही आप्पा. त्याने विकायला नेलाच नाही, सगळा घरात आणि शेजारीपाजारी गेला. केळी गोड होती, ते मान्य. पण हिशोब माझाच बरोबर आहे.