सुट्टी आधी ठरली असेल तर डोंगर बदला

आमच्या इंदुरात उन्हाळा लागला की मला ओळखीचे लोक विचारायला लागतात, अमुक तारखेपासून रजा मंजूर झालीये, कुठलं शिखर करू? आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात शिखर आधीच पक्कं असतं, कुणाच्या तरी रीलमध्ये बघितलेलं. आता रजा काही आपल्या हातात नसते, मुलांच्या परीक्षा असतात, ऑफिसात दुसऱ्याची रजा मध्ये येते, हे सगळं मान्य. पण मग रजेला सूट होईल असा डोंगर शोधा ना, ठरलेला डोंगर ओढूनताणून त्या रजेत कशाला बसवता!

यंदा माझ्या भाच्याचं हेच झालं. त्याला ऑगस्टमध्ये सुट्टी आणि करायचं मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर. म्हटलं बाळा, ऑगस्टमध्ये तिकडे पाऊस, ढग, समोरचं दिसत नाही, आणि वर जायचा रस्ता राहील की नाही तेही सांगता येत नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने मनालीकडचा हायवे जागोजागी वाहून नेला होता ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. त्या शिखराचे महिने म्हणजे मे-जून, नाहीतर सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात. "पण मामा, एव्हरेस्टवाले तर मे महिन्यातच जातात, मग ऑगस्टमध्ये कुठलाच डोंगर होत नाही का?"

प्रश्न चांगला होता. एव्हरेस्टवर हिवाळाभर जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा जोराचा वारा शिखरावरच आदळत असतो, मे महिन्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि जूनमध्ये मान्सून पोचायच्या आत थोडेच शांत दिवस मिळतात. म्हणून बघा, हिलरी आणि तेनझिंग २९ मे १९५३, बचेंद्री पाल २३ मे १९८४, आपल्या मध्य प्रदेशच्या मेघा परमार आणि भावना डेहरिया २२ मे २०१९, सगळे मेच्या शेवटीच. पण केटू, जगातलं दुसरं उंच शिखर, पहिल्यांदा सर झालं ते ३१ जुलै १९५४ ला! भर पावसाळ्यात! कारण ते आहे लडाखच्या पलीकडच्या काराकोरम रांगेत, आणि तिथपर्यंत आपला मान्सून पोचतो तो अगदी थकून. म्हणजे महिना चांगला की वाईट हे नुसतं कॅलेंडर बघून कळत नाही, डोंगर पावसाच्या अलीकडे आहे की पलीकडे ते आधी बघायचं.

तेच लडाखचं. इंदूरला वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लेहला जेमतेम शंभर. त्यामुळे जुलै-ऑगस्टची रजा असेल तर मारखा खोऱ्यातलं कांग यात्से-२ सारखं सहा हजारांवरचं शिखर बघा, अर्थात आधी एखादं बर्फातलं शिखर झालेलं असेल तरच. तिकडेही अगदी निर्धास्त राहू नका, ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झालीच होती. आणि मनालीवरून रस्त्याने न जाता विमानाने जा, फक्त आपण साडेपाचशे मीटरवरची माणसं एकदम साडेतीन हजारांवर उतरतो, तर पहिले दोन दिवस खरंच पडून राहायचं, लगेच बाजार फिरायला निघायचं नाही.

मे की ऑक्टोबर, यात मी पहिल्यांदा जाणाऱ्याला मे-जूनच सांगतो. बर्फ भरपूर असतो, हिमनदीतल्या भेगा बऱ्याचशा बुजलेल्या असतात (त्यांच्यावरच्या बर्फाच्या पुलांवर दुपारी भरवसा ठेवायचा नाही हा भाग वेगळा), दिवस मोठा असतो. पण मध्यरात्री निघायला लागतं. उशीर केलात तर उतरताना बर्फ असा मऊ पडतो की पाय गुडघ्यापर्यंत आत, बुटांखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनच्या लोखंडी दातांत ओल्या बर्फाचा गोळा बसतो, तो आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने ठोकून पाडायचा, चार पावलं गेलं की पुन्हा तेच, आणि तेवढ्यात दुपारचे ढग भरून येतात.

ऑक्टोबरमध्ये हवा काचेसारखी, लांबलांबची शिखरं दिसतात, म्हणून दिवाळीची सुट्टी जोडून जायचा मोह होतो. पण थंडी कडक, दिवस लहान, मऊ बर्फाच्या जागी कितीतरी ठिकाणी निळा, दगडासारखा कडक बर्फ. आणि हवा फिरली तर फार वाईट फिरते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच्याच उरलेल्या जोराने नेपाळमध्ये अन्नपूर्णा भागात आलेल्या हिमवादळाने चाळीसहून जास्त माणसं गेली. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलन झालं, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतले शिकाऊ गिर्यारोहक गेले, तरुण पोरं हो, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. तेव्हा दिवाळीत जाणार असाल तर बंगालच्या उपसागरात काय चाललंय ते हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये रोज बघा, आपण हिमालयात चाललोय, समुद्राशी काय संबंध असं म्हणू नका.

ज्यांना फक्त जानेवारी-फेब्रुवारी जमतं त्यांनी पैशांची सोय असेल तर आफ्रिकेतलं किलिमांजारो बघावं, ५८९५ मीटर, तिकडे ते कोरडे महिने. मार्च ते मे मात्र नको, तो तिथला मोठा पाऊस.

भाच्याने तारखा तशाच ठेवल्या आणि लडाख घेतलं. आता भांडण चाललंय ते राखीव दिवसांवरून, तो म्हणतो एक पुरे, मी म्हणतो दोन, आणि ते दोन दिवस परतीच्या तिकिटाच्या आधीच धर, नाहीतर हवा बिघडली की विमान चुकेल या धास्तीने माणूस नको त्या दिवशी वर जायला निघतो.