गार टाकी

“हात लावून बघा,” असे म्हणत काकूंनी मला आज सोलापूरजवळच्या त्यांच्या छोट्या घरगुती वायनरीतील स्टीलच्या टाकीपाशी नेले. बाहेर मार्चचे ऊन रणरणत होते आणि आत, साली आधीच वेगळ्या केलेला शेनँ ब्लां द्राक्षांचा रस सुमारे १५ अंशांवर संथपणे आंबत होता, कारण उष्णता वाढली की व्हाइट वाइनचा नाजूक गंध उडून जातो.

टाकीवर तळहात तसाच ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “बेदाणा केला की आम्ही शेतकरी, अन् वाइन केली की दारूवाले.”

ते वाक्य अजून मनातून जात नाही. ज्या जिल्ह्यातील नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका हे द्राक्षाचे वाण घडवले, तिथे पहाटेच्या गारव्यात घड तोडून रात्रंदिवस टाकीची राखण करणाऱ्या या कुटुंबाला शेतकरी म्हणताना आपण का अडखळतो?